बहिणीला काय म्हणतात

आमचे जर्मनचे सर घाटकोपरला राहत्या घरातच वर्ग घ्यायचे. बाहेरच्या खोलीत पाच-सहा खुर्च्या, भिंतीला टेकवलेला फळा, आणि आतून मधूनमधून कुकरची शिटी. सर तरुणपणी एका जहाज कंपनीच्या नोकरीत बरीच वर्षं हॅम्बुर्गला राहिले होते आणि परत आल्यापासून प्रत्येक गोष्टीवर थोडे थोडे रागावलेले असायचे. पंख्यावर, महानगरपालिकेवर, आणि आमच्या उच्चारांवर तर फारच. तुम्हाला भाषा नको आहे, नोकरी हवी आहे, असं ते आठवड्यातून एकदा तरी ऐकवत. खोटं नव्हतं ते. ऐंशीनंतरची पहिली वर्षं होती. भांडुप-मुलुंडच्या कारखान्यांत जर्मन यंत्रं येत होती, त्यांच्याबरोबर जाडजूड पुस्तकं येत होती, आणि ती वाचणारा माणूस काही मिळत नव्हता. माझे बाबा अशाच एका कंपनीत फिटर होते. त्यांचे साहेब एकदा सहज बोलून गेले की पोरीला जर्मन शिकवा, जन्माची ददात मिटेल. बाबांनी ते इतकं मनावर घेतलं की बारावीचा निकाल लागायच्या आत माझं नाव सरांकडे घालून टाकलं.

शनिवारी मात्र सर व्याकरण मिटून ठेवायचे. त्या दिवशी एकच शब्द घ्यायचा आणि तो सगळा युरोप फिरवून आणायचा. 'शब्दाला हवा खायला नेऊ या,' असं म्हणून ते फळ्यावर युरोपचा वेडावाकडा नकाशा काढत. खिडकीचा शनिवार मला अजून आठवतो. जर्मनांनी आणि फ्रेंचांनी खिडकीचा शब्द लॅटिनमधून उचलला. इंग्रजांना त्यांचा शब्द उत्तरेकडच्या दर्यावर्दी लोकांनी दिला, आणि त्याचा मूळ अर्थ वाऱ्याचा डोळा. स्पॅनिश माणसाला डोळा दिसला नाही, वारा तेवढा लागला. पोर्तुगीजांना खिडकी म्हणजे छोटं दार वाटलं. त्यांचा 'जनेला' हा शब्द ऐकून मी म्हटलं, माझी आत्या सावंतवाडीकडची आहे, ती खिडकीला जनेल म्हणते. सर वर्षात पहिल्यांदा माझ्यावर खूश झाले. पुढच्या महिन्यात तू शब्द आण, म्हणाले, कुठला आणतेस? मी क्षणाचाही विचार न करता बहीण म्हणून मोकळी झाले.

विचार करायची गरजच नव्हती. आमच्या घरात त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता.

आम्ही तिघी बहिणी. मुलुंड पूर्वेला, हाऊसिंग बोर्डाच्या कॉलनीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, आणि धाकटी माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मधे आईला दोन मुलं झाली ती राहिली नाहीत. धाकटी आठ महिन्यांची असताना आई काविळीने गेली. ताई तेव्हा नुकतीच मॅट्रिक झाली होती. तिने कॉलेजात जायचं नाही असं कुणीच ठरवलं नाही. ते आपोआप झालं. अशा घरांत अशा गोष्टी नेहमी आपोआपच होतात, त्यामुळे पुढे कुणाला जाब विचारता येत नाही. ताई घरी राहिली, धाकटीला तिने वाढवलं, आणि कॉलनीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करून दिलं. मला भूगोलाची भीती वाटायची म्हणून माझा भूगोलही तिनेच घेतला.

धाकटी बोलायला लागली तेव्हा तिने ताईकडे बघून पहिला शब्द उच्चारला तो 'आई'. आपल्याकडे मुलं कानावर पडेल ते उचलतात. माझ्या एका मैत्रिणीच्या घरी सगळी भावंडं आपल्या आईला वहिनी म्हणायची, कारण काका आणि आत्या तिला वहिनी म्हणत. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. पण आमच्या घरात आई हा शब्द धाकटीच्या कानावर पडण्यासारखा नव्हता. आम्ही दोघींनी तो उच्चारायचं सोडूनच दिलं होतं. तिने तो शेजारपाजारच्या घरांतून ऐकला असणार. जी भरवते, न्हाऊ घालते आणि पडल्यावर उचलून घेते तिला असं म्हणायचं असतं, हे तिचं तिलाच कळलं. बाबांनी ऐकलं मात्र, ते पायांत चपला सरकवून खाली निघून गेले. शेजारच्या काकू म्हणाल्या, म्हणू दे गं, पोरीच्या तोंडात शब्द तरी राहील. ताईने ओ दिली, आणि मग सात वर्षं देत राहिली.

भिंतीवरच्या आईला धाकटी 'फोटोतली आई' म्हणायची. दोन आया असणं तिला मोठं श्रीमंतीचं वाटत असावं, कारण शाळेत ती मुलींना ते सांगत सुटायची.

ताईला स्थळं यायला लागली आणि या एका शब्दाने घात केला. पहिले पाहुणे डोंबिवलीचे. पोहे झाले, प्रश्न झाले, ताईने खाली मान घालून उत्तरं दिली, आणि तेवढ्यात खालून खेळून आलेली धाकटी घामाघूम होऊन दारातूनच म्हणाली, 'आई, पाणी दे ना.' मुलाच्या आईचा चमचा बशीत तसाच राहिला. आत्याने घाईघाईने सगळी हकिगत सांगितली. मग बाबांनी सांगितली. मग शेजारच्या काकू मुद्दाम येऊन तीच सांगून गेल्या, आणि तिघांनी सांगितल्यामुळे ती आणखीनच रचलेली वाटायला लागली. चार दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवून झाली होती. पण पत्रिकेचा आपल्याकडे हा फार मोठा उपयोग आहे. तोंडावर बोलता येत नाही ते ग्रहांवर ढकलता येतं.

दुसऱ्या वेळी धाकटीला शेजारी नेऊन बसवलं. का बसवलंय ते कुणी तिला सांगितलं नाही, म्हणून ती थोड्या वेळाने उठून घरी आली आणि ताईच्या मांडीला रेलून पाहुण्यांकडे बघत राहिली. त्यांच्यातल्या एका बाईंनी विचारलं, ही कोण गं तुझी? धाकटीने अभिमानाने खरं ते सांगितलं. ते स्थळ गेलं, आणि जाताना आमची गोष्ट बरोबर घेऊन गेलं. नात्यागोत्यात कुजबुज सुरू झाली की मुलुंडच्या थोरलीचं काहीतरी आहे. आत्या तिच्या वाकोल्याच्या घरून तडक आली आणि बाबांवर डाफरली. 'ह्या चेडवाक कोणी शिकवूक नाय काय?' म्हणाली. एरवी ती मुंबईचं मराठी बोलायची. मालवणीवर आली की समजायचं, खरंच रागावली आहे. पोरीला कुणी शिकवलं नाही हे तिचं म्हणणं बरोबर होतं. आम्ही कुणीच काही शिकवलं नव्हतं.

मग बोरिवलीचं स्थळ आलं. मुलगा टेलिफोन खात्यात होता. कुठल्याशा लग्नात ताई पंगतीला वाढत होती तेव्हा त्याने तिला पाहिलं होतं आणि घरी जाऊन आपणहून विषय काढला होता. ताईनेही त्याला पाहिलं होतं. ती तसं बोलली नाही, पण त्या आठवड्यात साडीला फॉल लावताना ती गुणगुणत होती. ताईला गाण्याचा गळा अजिबात नाही हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं, कारण त्याआधी ती कधी गुणगुणलीच नव्हती. चोवीस वर्षांची होती ती. स्वतःसाठी काही मागायची तिला सवय नव्हती, पण हे तिला हवं होतं. हे स्थळ गेलं असतं तर त्यानंतर दुसरं आलं नसतं, हे तिला कळत होतं आणि आम्हालाही कळत होतं.

आत्याने सुचवलं, बघायला येतील त्या दिवसापुरती पोरीला मी वाकोल्याला नेते. ताईने नकारार्थी मान हलवली. 'आणि लग्न झाल्यावर? मग कुठं कुठं लपवशील तिला?' तिने हातातल्या साडीची घडी घातली. मग म्हणाली, 'मीच शिकवते.'

तिने शिकवलं ते असं, की धाकटीने 'आई' म्हटलं की ओ द्यायची नाही. रागवायचं नाही, समजावायचं नाही, नुसतं ऐकू न आल्यासारखं करायचं. समजावून सांगायला गेले तर माझ्याच्याने होणार नाही, असं ती मला म्हणाली होती. पहिल्या दिवशी सकाळी धाकटी कंगवा आणि रिबिनी घेऊन तिच्यासमोर उभी राहिली. आई, वेणी घाल. ताई सुईत दोरा ओवत होती. आई, उशीर होतोय ना. दोरा ओवून झाला होता तरी ताई तो ओवतच राहिली. मी पुढे होऊन कंगवा घेतला, तर ताईने मला नजरेनेच मागे सारलं. धाकटी सुटे केस घेऊन शाळेत गेली आणि बाईंची बोलणी खाऊन आली.

आधी तिला तो खेळ वाटला. मग तिला वाटलं ताईच्या कानाला काहीतरी झालं, म्हणून तिने मागून जाऊन टाळ्या वाजवून पाहिल्या. ताईने वळून बघितलं, म्हणजे कान ठीक होते. त्यानंतर तिने हाक मारायचंच सोडून दिलं. काही हवं असलं की जवळ येऊन पदर ओढायची, आणि ताई लगेच हातातलं काम टाकून ते द्यायची. पदर ओढला तर चालतं, बोललं तर चालत नाही, असं काहीतरी पोरीच्या डोक्यात बसलं. आमच्या घरात तेव्हा एवढी शांतता असायची की खालच्या मजल्यावरच्या रेडिओवरच्या बातम्या शब्दन् शब्द ऐकू यायच्या. बाबा कंपनीतून उशिरा येऊ लागले.

एका संध्याकाळी गॅलरीत धाकटीने मला विचारलं, मग माझी आई कोण? मी म्हटलं, ती फोटोतली. ती म्हणाली, ती तर मेली ना? मी हो म्हटलं. तिने विचार केला आणि विचारलं, 'म्हणजे मला आई नाहीच?' आमच्या आईला जाऊन सात वर्षं झाली होती, मी आणि ताई रडून मोकळ्या झालो होतो. धाकटीची आई त्या संध्याकाळी गेली, आणि तिच्यासाठी घरात कुणी सुतक धरलं नाही.

त्याच दिवसांत मी घाटकोपरला वर्ग सुटल्यावर सरांच्या कपाटातले शब्दकोश काढून बसत होते. घरी एक शब्द मारला जात होता आणि मी तिथे दुसऱ्याची कूळकथा उतरवत होते. पण खोटं कशाला बोलू, मला त्यात सुख वाटायचं. घरी जायची वेळ तेवढी पुढे ढकलली जायची.

माझ्या शनिवारी मी फळ्यापाशी उभी राहिले. सुरुवात सोपी होती. जर्मनांची श्वेस्टर, इंग्रजांची सिस्टर, रशियनांची सेस्त्रा आणि लॅटिनमधली सोरोर या सगळ्या एकाच घरातल्या, आणि आपल्या संस्कृतातली स्वसा त्यांचीच. म्हणजे इतक्या दूरच्या लोकांनी तो शब्द जपला, आणि आपण मात्र तो टाकून भगिनी धरली, तिची पुढे बहीण झाली. भग म्हणजे भाग्य. भाऊ आहे म्हणून भाग्याची ती भगिनी, असं जुने लोक सांगतात. हे मी वाचून दाखवलं आणि म्हटलं, आम्ही तिघी आहोत आणि भाऊ एकही नाही, तेव्हा आम्हाला काय म्हणायचं ते कोशात दिलेलं नाही. वर्ग हसला. सर हसले नाहीत.

इटलीत जुना शब्द मठातल्या नन्सकडे गेला आणि घरातल्या बहिणीला 'छोटीशी बहीण' म्हणायला लागले, मग ती साठ वर्षांची का असेना. स्पेनमध्ये तर गंमतच झाली. तिथे पूर्वी 'सख्खी बहीण' म्हणत असत. पुढे त्यातली बहीण गळून पडली, तीही मठात गेली, आणि घरात नुसती 'सख्खी' उरली. ग्रीकांचा शब्द म्हणजे एका उदरातून आलेली, आपल्या सहोदरसारखाच. हंगेरीत आपल्यासारखंच थोरलीला वेगळं नाव आणि धाकटीला वेगळं. तिथे थोरलीचं नाव इस्पितळातल्या नर्सलाही लावतात. जर्मनही नर्सला श्वेस्टरच म्हणतात. इथे सरांनी मला थांबवलं. हॅम्बुर्गला ते एकदा महिनाभर इस्पितळात पडून होते. म्हणाले, दिवसभर बहीण, बहीण अशा हाका मारायचो, आणि जी यायची ती परकी. ती सगळी माया करायची, पण ड्यूटी संपली की निघून जायची.

मला वाटलं संपलं. सरांनी खडू घेतला आणि नकाशावर ग्रीसच्या वरच्या अंगाला एक ठिपका काढून त्यापुढे एक शब्द लिहिला. तिथल्या, अल्बेनियन बोलणाऱ्या, एका गोदी कामगाराच्या शेजारच्या खोलीत ते हॅम्बुर्गला राहिले होते, त्याच्याकडून हा ऐकलेला. मला म्हणाले, वाच. मी वाचलं: मोतर.

मी म्हटलं, सर, हा तर आईचा शब्द. मुटर, मदर, आपली माता, त्यांच्यातलाच आहे.

'त्यांच्यातलाच आहे,' सर म्हणाले. 'पण त्या लोकांत त्याचा अर्थ बहीण. आईला त्यांच्याकडे दुसराच शब्द आहे.'

असं कसं झालं, ते कुणाला ठामपणे माहीत नाही, असं त्यांनी सांगितलं. विद्वानांचा एक अंदाज असा की आई नसली किंवा कामात गुंतली की थोरली बहीण लहान भावंडांना वाढवायची, आणि ती भावंडं तिला आईच म्हणायची. 'एका घरात म्हटलं असेल, दहा घरांत म्हटलं असेल,' सर खडूची पूड झटकत म्हणाले, 'आणि कुणी टोकलं नसेल. म्हणून राहिला.'

बाकीच्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. मला फळ्यासमोरच रडू फुटलं. सर गडबडून गेले. त्यांना वाटलं उच्चारावरून सकाळी बोललो ते हिला लागलं. त्यांनी आतून पाणी मागवलं आणि त्या दिवसापुरता माझ्या उच्चारांचा विषय बंद केला.

घरी आले तेव्हा ताई तांदूळ निवडत होती आणि धाकटी खाली खेळायला गेली होती. मी तिला सगळं सांगितलं. अगं ताई, एक अख्खा देश आहे, म्हटलं, तिथे त्यांनी आपल्या धाकटीसारखंच केलं आणि ते शब्दकोशात गेलं. मला वाटलं होतं ती हे ऐकून शिकवणं थांबवेल. मला तेव्हा वाटायचं की एखादी गोष्ट पुस्तकात असली की माणसांना ती करायला परवानगी मिळते. ताईने ताटातला एक खडा काढून बाजूला ठेवला.

'त्यांच्यात मुलगी बघायला येतात का गं?' तिने विचारलं.

मी म्हटलं, मला काय माहीत.

'मग झालं तर,' ती म्हणाली आणि ताट फिरवून दुसऱ्या बाजूने निवडायला लागली. निवडून झाल्यावर तिने विचारलं, काय म्हणतात म्हणालीस? मी पुन्हा सांगितलं. तिने तो शब्द एकदा हळूच उच्चारून पाहिला, आणि मग उठून तांदूळ धुवायला नेले. मला तिचा इतका राग आला होता, आणि तिला जवळ घेऊन रडावंसंही वाटत होतं. दोन्हीपैकी मी काहीच केलं नाही. आमच्या घराला त्याची रीत नव्हती.

तीन-चार दिवसांनी धाकटीने 'ताई' म्हटलं. अंक म्हणून दाखवतात तसं, ताठ उभं राहून. 'ताई, मला भूक लागली आहे.' इतकं पूर्ण वाक्य ती घरात कधी बोलत नसे. ताईने तिला ओढून घेतलं, पटापट मुके घेतले, आणि पोळीवर तूप-साखर घालून दिली. धाकटीने खाल्लं. आपण परीक्षेत पास झालो हे तिला कळलं होतं. कशाच्या परीक्षेत, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

बोरिवलीची मंडळी आली तेव्हा सगळं सुरळीत पार पडलं. धाकटीला कुठेही पाठवलं नाही. तिने पाण्याचे पेले आणून ठेवले आणि कुणी न विचारता म्हणाली, ताई, तांब्या पण आणू का? मुलाच्या आईने तिला जवळ बोलावून डोक्यावरून हात फिरवला आणि बाबांना म्हणाली, आई नसतानाही मुलींना वळण छान लावलंत हो. आत्याचा चेहरा फुलला. मुलगा ताईकडे बघत होता आणि ताई खाली बघत होती, पण तिच्या गालावर हसू होतं, ते मला दिसलं. ती सुखात होती. एवढं सगळं झाल्यावरही ती सुखात होती, आणि असायलाच हवी होती. तिच्या वाट्याचं सुख तिने दुसऱ्या कुणाचं हिसकून घेतलं नव्हतं. पण आमच्या घरातलं सुख एकाच पांघरुणाएवढं होतं. एकीने ओढलं की दुसरीचे पाय उघडे पडायचे.

लग्न मुलुंडलाच एका हॉलमध्ये झालं. कन्यादान काका-काकूंनी केलं. निघताना ताई बाबांच्या गळ्यात पडून रडली, माझ्या गळ्यात पडून रडली. धाकटीपुढे मात्र ती नुसती उभी राहिली. धाकटी नवीन परकर-पोलक्यात होती. 'ताई, नीट जा हं,' ती म्हणाली. तेव्हा ताईच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. सासरच्या बायकांना वाटलं, आईची आठवण झाली असेल. त्यांनी तिला धरून गाडीत बसवलं.

त्यानंतर धाकटीची वेणी मी घालायला लागले. मला ती नीट जमत नसे आणि धाकटी तसं कधी म्हणत नसे, याचंच मला वाईट वाटायचं. मी तिची मधली बहीण, पण ती मला कोणत्याच नावाने हाक मारायची नाही. 'अगं' म्हणायची, नाहीतर येऊन शेजारी उभी राहायची. मी तिला कधी विचारलं नाही. एखादीला नाव द्यायचं आणि मग ते काढून घेतलं जायचं, हे एकदा पुरे झालं असणार तिला. ताई पंधरवड्यातून एकदा यायची, येताना तिच्या आवडीची नानकटाई आणायची, आणि धाकटी 'थँक यू ताई' म्हणायची. ताईचे कान त्या वाक्यावर लागलेले असायचे. चुकून एकदा तरी जुनी हाक येईल म्हणून ती थांबायची, असं मला वाटतं. पण धाकटी हुशार मुलगी होती. शिकवलेलं ती विसरत नसे.

पुढे ताईला मुलगी झाली. ती बोलायच्या वयाची झाली त्या मेमध्ये मी आणि धाकटी आठवडाभर बोरिवलीला राहायला गेलो होतो. धाकटी तेव्हा दहा वर्षांची होती. दिवसभर तिची घरात ये-जा आणि तोंडाने ताई, ताई चाललेलं. बाळाने तेच उचललं. तिसऱ्या दिवशी ते ताईकडे हात पसरून स्पष्ट म्हणालं, 'ताई.' सगळे हसले. ताईच्या सासूबाई चांगल्या होत्या, त्यांच्या मनात काही नव्हतं. त्या कौतुकाने म्हणाल्या, घ्या, आमच्या नातीला आई कोण तेच कळेना. ताईही हसली. धाकटी मात्र हसली नाही. तिचा चेहरा एवढासा झाला. शब्द चुकीच्या माणसाला लावला की घरात काय होतं ते त्या घरात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

त्या दुपारी सासूबाई आत आडव्या झाल्या होत्या. ताई स्वयंपाकघरात भांडी लावत होती आणि मी बाहेरच्या खोलीत मासिक चाळत पडले होते. धाकटी बाळाला मांडीवर घेऊन भिंतीशी बसली होती. तिने बाळाचा चेहरा स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवला आणि बोट दाखवलं.

'ताई नाही गं,' ती म्हणाली. 'ती माझी ताई. तुझी आई. म्हण, आई.'

बाळ म्हणालं, 'ता.'

'आई,' धाकटी म्हणाली. ती रागावत नव्हती, गप्पही बसत नव्हती. बाळाने काहीही आवाज काढला तरी ती मान डोलवून त्याला दाद देत होती आणि पुन्हा म्हणत होती. आतला भांड्यांचा आवाज थांबला. बाळाने एकदा 'आ' केलं, मग जांभई दिली, आणि मग तिच्या दंडावर गाल टेकवून ते झोपून गेलं. धाकटीने त्याचं झबलं नीट केलं. आणि ती दाराकडे बघत हळू आवाजात म्हणतच राहिली, आई, आई.

ताई दारात आली. बाळ झोपलंय हे तिला दिसत होतं. ती तिथेच उंबऱ्याशी खाली बसली, आणि तिने धाकटीला थांबवलं नाही.